पुएब्लाचा व्याही

१५ एप्रिल २०२३

चौदा एप्रिल पार पडली. काल मिरवणुकीत आपला एक स्पीकर फुटला, तो एवढ्या गर्दीत मला ऐकू आला. बाकी कोणाला पत्ता नाही – लोक नाचून राह्यले होते. चाळीस वर्षं साऊंडच्या धंद्यात कानावर भाकरी खाल्ली. एवढं तर येणारच.

दुपारी उषा फोन घेऊन बाहेर आली. म्हणे, “प्रियू येऊन राह्यली. दोन मेला.”

“एकटी?”

“सासऱ्याला घेऊन. जावयाला रजा न्हाई भेटली.”

सासऱ्याला घेऊन! फोन माझ्या हातात दिला नाही. तिकडून कोणी मागितलाही नसेल.

१६ एप्रिल

लिहून टाकतो. उषालाही अर्धंच माहीत आहे.

ऑगस्ट २०१९. मी जालन्यात, मस्तगडच्या दुकानात, समोर गिऱ्हाईक बसलेलं. प्रियूचा टेक्सासहून फोन – पप्पा, मला एक मुलगा आवडतो. एफ्राइन नाव. मेक्सिकोचे लोक, तो लहान असताना आईबाप इकडे आले. मी पहिला प्रश्न काय विचारावा? “कोणत्या समाजाचा?” ती हसली. म्हणाली, मेक्सिकन समाजाचा! मी विचारलं, बाप काय करतो? ती म्हणाली, शाळेत सफाईचं काम करतात. आणि मी म्हणालो –

“म्हणजे झाडूवाल्याच्या घरात चालली का तू?”

हे मी म्हणालो. कचरू मगरेचा पोरगा भारत! माझ्या बापानं जालन्याच्या मोंढ्यात सत्तावीस वर्षं झाडू मारला. त्या झाडूवर मी नववीपर्यंत शिकलो, त्या झाडूवर पहिला भोंगा घेतला. प्रियू त्याच म्हाताऱ्याच्या मांडीवर वाढली. आणि “कोणत्या समाजाचे?” हा प्रश्न मला किती जणांनी विचारला – खोली भाड्यानं देताना, लग्नाचा मंडप ठरवताना. मी हसून उत्तर दिलं, त्यांनाच चहा पाजला, काम मिळवलं. त्यांचा तो सूर मला पाठ आहे. त्या दिवशी तोच सूर माझ्या तोंडातून आला. हुबेहूब. मी ऐकला.

प्रियू म्हणाली, “पप्पा, आजोबा काय करायचे?” आणि फोन कट.

लग्न तिकडे कोर्टात झालं. लोकांना सांगितलं, व्हिसा मिळाला नाही. अर्जच केला नव्हता. पावणेचार वर्षं ती आईशी तास तास बोलते. माझ्याशी – “बरे आहात का?” “बरा आहे.” “गोळ्या घेता ना?” “घेतो.”

आता तो माणूस माझ्या घरी जेवायला बसणार. त्याला माहीत आहे का, मी काय बोललो ते? हे एक कळलं पाहिजे. माहीत असो नसो, त्याच्यासमोर ते वाक्य मागे घ्यायचं. ती जायच्या आत.

१९ एप्रिल

यंदा बुद्ध पौर्णिमा पाच मेला. प्रियू आईला म्हणाली, गंमत बघ, एफ्राइनच्या बाबांच्या गावाचाही दिवस तोच. सिंको दे मायो म्हणतात. म्हणजे काय? म्हणजे नुसतं ‘मे महिन्याची पाच’. सणाला तारखेचंच नाव! मला आवडलं. आपण तरी कुठे जयंती म्हणतो – ‘चौदा एप्रिल’ म्हणतो.

तातेराव गुरुजींकडे गेलो. आमच्याच गावचे, हसनाबादचे. इतिहास शिकवून रिटायर झाले, आता इथल्या विहाराचं सगळं तेच बघतात. त्यांनी मोबाईलवर वाचून घेतलं, मग मला शाळेतल्यासारखं समोर बसवलं.

“सन अठराशे बासष्ट. फ्रान्सच्या बादशहानं मेक्सिकोत फौज घातली. जगात एक नंबरची समजत होते ती फौज. पुएब्ला शहराच्या बाहेर टेकडीवर दोन गढ्या. आत मेक्सिकोवाले – माणूस कमी, बंदुका जुन्या, डोंगरातले शेतकरी नुसते कोयते घेऊन आलेले. फ्रेंच टेकडी चढले. मागे रेटले. परत चढले. परत रेटले. तिसऱ्यांदा वरून पाऊस, सगळा चिखल. संध्याकाळी जगातली एक नंबर फौज माघारी.”

“म्हणजे जिंकले!”

“त्या दिवशी. वर्षभरात फ्रेंच जास्त फौज घेऊन आले, पुएब्ला घेतलं, राजधानी घेतली, आपला एक बादशहा आणून गादीवर बसवला.”

“मंग साजरं काय करतात गुरुजी?”

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. “भारत, एक जानेवारीला गाडी भरून तू कुठं जातो? त्या लढाईनंतर राज्य तुला भेटलं होतं का?”

बराबर आहे. थोड्यांनी पुष्कळांना एक दिवस अडवलं. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं, तरी तो एक दिवस उशाला घेऊन झोपता येतं.

ठरलं. पाच मेला विहारासमोर दोन्ही दिवस एकत्र. साऊंड माझा, मंडप माझा, खीर माझी.

२१ एप्रिल

चहाच्या टपरीवर माझ्या पाठीमागे दोघं – “मगरे शेठचा व्याही अमेरिकन हाय म्हणे.” “गोरा का?” “मंग काय, अमेरिकन म्हणल्यावर!”

ऐकलं. वळून दुरुस्त केलं नाही. चहा पिऊन आलो.

२६ एप्रिल

फ्लेक्सवाल्या मिथुनकडे बसलो होतो. बुद्धाची, बाबासाहेबांची प्रतिमा विहारात आहेच. पण पाहुण्याच्या सणाला पाहुण्याचा माणूस पाहिजे की नाही? प्रतिमेशिवाय कार्यक्रम कसा? हार कशाला घालायचा? मिथुनला म्हणालो, पाच मे, मेक्सिको, ती लढाई – त्यातला जो मोठा माणूस असेल तो काढ.

त्यानं दोन काढले. एक चष्मेवाला. गोल काचांचा चष्मा, तोंड सुकलेलं, तलाठ्यासारखा. दुसरा – काय माणूस! दाढी दोन बाजूंना विंचरलेली, निळा कोट, छातीभर पदकं, कमरेला तलवार.

मिथुन म्हणाला, “काका, मला वाटतं ह्यो चष्मेवालाच. खाली जनरल लिहून राह्यलं.”

“अरे, ह्यो कुठं लढतो? ह्याला बंदूक उचलत न्हाई. दाढीवाला घे. पदकं बघ की!”

“बघा बरं काका. गुरुजींना विचारू का?”

“काही विचारू नको. माणूस पाहून कळतं मला.”

तीन फूट बाय चार फूट. लाकडी फ्रेम. खाली – ‘पुएब्लाच्या शूरवीरास विनम्र अभिवादन’. झकास झालंय.

२८ एप्रिल

गारा! मंडपाचं अर्धं कापड भिजलं. हा काय एप्रिल आहे?

२ मे

संभाजीनगरच्या विमानतळावर उषा अन् मी तासभर आधीच. प्रियू बाहेर आली. बारीक झाली आहे. आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या पाया पडली – पटकन, काम उरकल्यासारखं. पाठीवर हात ठेवायच्या आत उठली.

मागून व्याही. आन्सेल्मो. सावळे! माझ्यापेक्षा एक घर उजळ असतील-नसतील. बुटके, मजबूत, डोक्यावर उन्हाळी टोपी, हातात बायकोचा फोटो असलेली छोटी पेटी – ती वारली दोन वर्षांमागे. हसनाबादच्या बाजारात बैल घ्यायला उभे केले तर कोणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. मला कशाची भीती वाटली होती? का कशाची वाटायला पाहिजे होती?

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तळवे खरखरीत. बोटांच्या मुळाशी घट्टे.

गाडीत प्रियू मध्ये बसून दोघांचं इकडचं तिकडे करत होती. स्पॅनिश किती जल्दी बोलते! मी आरशात व्याह्यांचे डोळे बघत आलो. माहीत आहे? नाही? काही पत्ता लागला नाही.

३ मे

सकाळी जाग आली ती आवाजानं. अंगणात झाडू.

उषाचा नाही. उषा भराभर, आखूड हात मारते. हा लांब हात होता – सर्र, थांबणं, सर्र, थांबणं – आधी पाणी शिंपडून, धूळ न उडवता, एका रेषेत. असा झाडू मी मोंढ्यात ऐकलाय. धान्याची पोती उतरायच्या आधी, पहाटे. बाबा!

उषा धावत आली. “अवो, इवाई आंगन झाडून राह्यलेत! उठा की! शेजारी पाहून राह्यलेत समदे!”

मी गेलो. व्याही बनियनवर, टोपी घालून, फाटकापर्यंत झाडत गेलेले. समोरच्या घरातली बाई गच्चीवरून बघतेय. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? लोक काय म्हणतील. दुसरं – हा मुद्दाम तर करत नाही? मला दाखवायला?

आवाजात ऐकलेले बाबा, पाहिल्यावर तिसरे आठवले. तिसरे.

मी झाडू घ्यायला हात पुढे केला. ते हसले, सोडेनात. प्रियू दारात उभी होती. म्हणाली, “असू द्या पप्पा. घरी रोज करतात. त्यांना झोप येत नाही चारनंतर. एकतीस वर्षांची सवय.”

एवढंच. पण माझ्याकडे बघत होती, हे बोलताना.

४ मे

आजचा दिवस चांगला गेला. जेवल्यावर व्याह्यांना त्यांच्या सणाचं विचारलं. प्रियू भाषांतर करत होती आणि मधेच तिला हसू आवरत नव्हतं – पावणेचार वर्षांत पहिल्यांदा तिचं हसू समोर बसून ऐकलं.

त्यांचं गाव पुएब्लाच्या जवळ. तिथे पाच मेला लढाईचं सोंग असतं. अर्धं गाव मेक्सिकोवाले, अर्धं गाव फ्रेंच. खोट्या बंदुका, खरी दारू, धूर. पण फ्रेंच व्हायला कोणी तयार नाही! मग ज्याचं गावात वजन नाही, ज्याचा बाप बाहेरून आलेला, त्याला फ्रेंच करायचं. आन्सेल्मोचा बाप बाहेरून मजुरीला आलेला.

“सात वर्षं फ्रेंच होतो म्हणतात,” प्रियू सांगत होती. “सात वर्षं हरले. खोटी बंदूक, पण मार खरा.”

उषानं पदरानं तोंड झाकून हसून घेतलं. “बिचारे!”

मग अमेरिकेचं. मेक्सिकोत हा सण पुएब्लाकडेच जास्त. बाकी ठिकाणी शाळेत भाषण, संपलं. खरा धडाका अमेरिकेत! लढाईची बातमी पोचली तेव्हा कॅलिफोर्नियात खाणीवर राबणाऱ्या मेक्सिकोच्या लोकांनी बंदुका उडवल्या, गाणी म्हटली – परक्या मुलखात. तिथून सुरू झालं. आता बियरच्या कंपन्यांनी उचललंय, गोरी पोरं खोट्या मिशा लावून प्यायला येतात. अर्ध्यांना वाटतं हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन.

“नाही का?” मी विचारलं. मला पण तेच वाटत होतं!

“तो सोळा सप्टेंबरला, पप्पा.”

“आन् आपला मुक्तिसंग्राम सतराला! म्हणजे बांधाला बांध!”

हे तिनं त्यांना सांगितलं. ते उठले आणि शेतशेजाऱ्याला करावा तसा मला रामराम केला – नाही, टोपी काढून वाकले, पण भाव तोच.

मी विचारलं, त्या फ्रेंचांनी बसवलेल्या बादशहाचं पुढे काय झालं? तर म्हणाले, लोकांनी उभा करून गोळ्या घातल्या. बरं झालं म्हणालो.

आज बोलता आलं असतं. सगळे मोकळे होते. पण ते हसू मोडायचा धीर झाला नाही. उद्या. उद्या मंचावर, बराबर.

६ मे

कालचं आज सकाळी लिहितोय.

संध्याकाळी सहाला विहारासमोर चारशे माणूस. गुरुजींनी मेणबत्ती लावली, वंदना झाली, बाबासाहेबांना हार झाला. व्याही पांढरा सदरा घालून पहिल्या खुर्चीत, टोपी मांडीवर. वंदनेला सगळ्यांसारखे हात जोडून बसले. मग गुरुजींनी पुएब्लाची लढाई सांगितली – काय रंगवून सांगितली! कोयत्यांचं आलं तेव्हा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी टेबलावरच्या फ्रेमवरचं कापड ओढलं आणि गुरुजींनी झेंडूचा हार घातला.

प्रियू माझ्या कानाशी. “पप्पा, हा कोण?”

“तुमचा सरदार.”

“पप्पा! हा तो बादशहा आहे. फ्रेंचांचा!”

दाढीवाला हार घालून माझ्याकडे बघत होता. मागून मिथुनचा आवाज, चारशे माणसांत स्वच्छ – “मी चष्मेवालाच म्हणलो होतो!”

व्याही उठले. जवळ गेले. खिशातून चष्मा काढून लावला, वाकून पाहिलं. त्यांची पाठ आमच्याकडे. खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं. पण ते हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माइककडे बघून काहीतरी बोलले. प्रियूनं सांगितलं –

“ते म्हणतात, सात वर्षं मी फ्रेंच होऊन मार खाल्ला. आज पहिल्यांदा आमच्या बाजूला कोणी हार घातला!”

मंडप हसून हसून फुटला. व्याह्यांनी बादशहाच्या गळ्यातला हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. काय टाळ्या! आणि मी त्या टाळ्यांत उभा – माणूस पाहून कळतं म्हणणारा. पदकं बघून उचलला, चष्मा बघून टाकला. फोनवर तरी दुसरं काय केलं होतं?

गुरुजींनी माइक माझ्या हातात दिला. दोन शब्द बोला म्हणे. स्वागताचं बोललो. मग – आयुष्यात पहिल्यांदा – चालू कार्यक्रमात मी माझाच माइक बंद केला. खाली पोरांचा गलका, खिरीच्या पातेल्याकडे सगळ्यांची नजर. मी व्याह्यांकडे वळलो. प्रियूला म्हणालो, यांना सांग.

आणि सगळं सांगितलं. बाबांचा झाडू. मोंढा. खोली शोधत फिरलो ते. मग तो फोन, ते वाक्य, जसंच्या तसं. व्हिसाचा खोटेपणा. म्हणालो, दादा, मला माफ करा. दहा मिनिटं तरी झाली असतील.

प्रियू आम्हा दोघांच्या मधे उभी. माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांच्याकडे वळून बोलली. किती? एक वाक्य! मोजून एक.

व्याही हळू आवाजात बोलले, दोन-तीन वाक्यं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“काय म्हणाले?”

“काही नाही पप्पा.” नजर खिरीच्या पातेल्याकडे. “म्हणाले, जेवण छान होतं.”

जेवण अजून वाढलंच नव्हतं.

प्रियूनं माझ्या हातातला माइक घेतला, चालू केला आणि खणखणीत – “खीर घेतल्याशिवाय कोणी जायचं नाही!” आवाज नेहमीपेक्षा अर्धी पट्टी वर. बाकी कोणाला कळलं नसेल. मला कळलं. रागात होती.

तिनं सांगितलं नाही. माझं दहा मिनिटांचं एका वाक्यात कसं बसेल? काहीतरी गोड बोलून टाळलं. म्हणजे त्यांना आजवर माहीत नव्हतं – तिनं चार वर्षं ते एकटीनं दाबून ठेवलं, आणि मी कार्यक्रमात उघडं करायला निघालो होतो. बापाची लाज झाकली का सासऱ्याचं मन राखलं? कळत नाही. पण माफी पोचली नाही. हे कळतं.

९ मे

वेरूळला नेलं. व्याही लेण्यात एका खांबाला हात लावून किती वेळ उभे. जाताना आणि येताना प्रियू गाडीत पुढे, माझ्या शेजारी बसली. मागे त्यांच्याजवळ उषा. दोघांना एकमेकांचं काही कळत नाही, तरी हातवारे करून लसणाची चटणी समजावत होती.

प्रियू माझ्याशी बोलली – माझ्या गुडघ्याचं, दुकानाचं, नव्या मशिनचं. सासऱ्यांशी कामापुरतं. दमली असेल. मला काय, बरंच वाटलं!

१२ मे

आज पुन्हा सांगायचं ठरवलं होतं. व्याह्यांना हसनाबादला नेलं, बाबांचं जुनं घर होतं ती जागा दाखवली. आता तिथे दुसऱ्याचा गोठा आहे. प्रियू सोबत. म्हणालो, प्रियू, त्या दिवशीचं ते –

“पप्पा, ऊन लागतंय त्यांना. चला.”

ऊन कुठलं, सहा वाजून गेले होते. पण मी लगेच चला म्हणालो. कोणी ‘चला’ म्हणायचीच वाट बघत होतो, हे खरं.

१६ मे

गेले. विमानतळावर व्याह्यांनी मिठी मारली, सोडेचनात. कानाशी काहीतरी म्हणाले, मला कळलं नाही, प्रियू सामान मोजत होती. मला एक शब्द स्पॅनिश येत असता! सहा महिने आधी शिकलो असतो तर? फ्लेक्सला वेळ होता, मंडपाला होता, खिरीला दोनशे लिटर दूध सांगायला होता. ‘माफ करा’ त्यांच्या भाषेत कसं म्हणतात हे विचारायला वेळ नव्हता.

प्रियू जाताना पाया पडली. या वेळी मी वेळेवर हात ठेवला. थोडी थांबली.

चौदा दिवस होते. चौदा!

२ जून

फ्रेम दुकानात उलटी करून ठेवली आहे. मिथुन म्हणतो परत घेतो, मागच्या बाजूला दुसरं छापू. नको म्हणालो.

१७ सप्टेंबर

सकाळी झेंडावंदनाला तीन ठिकाणी साऊंड. अमृतमहोत्सव म्हणून भाषणं लांबली.

काल सोळा. व्याह्यांनी आवाज पाठवला होता – मागे घंटा, लोकांचा जल्लोष, आणि ते स्वतः ओरडतायत. शेवटी ‘बारत! बारत!’ माझंच नाव. पाच-सहा वेळा लावून ऐकलं. मी काय पाठवणार? इकडून झेंडावंदनाचा बिगुल पाठवला.

माणूस एवढ्या मोकळ्या गळ्यानं हाक मारतो, कारण त्याला माहीत नाही. मी फुकटचा ‘बारत’ होऊन बसलोय.

मोबाईलवर रोज दोन शब्द शिकतो. उषा म्हणते, “ह्या वयात कोणासंगं बोलायचंय?” तोंड वळत नाही, पण कानाला बसतंय. ‘पेर्दोन’ म्हणजे माफी. हे आधी शिकलो.

५ मे २०२४

निवडणूक. दिवसभर सभांचे भोंगे. रात्री आठला प्रियूचा फोन – आईला नाही, मला. तिकडे सकाळ, मिरवणुकीची तयारी, मागे ढोल. मी म्हणालो, “व्याह्यांना दे. मला त्यांच्या भाषेत एक सांगायचंय. मागच्या वर्षी तू सांगितलं न्हाई ते.”

“सांगितलं होतं, पप्पा. तुम्ही दहा मिनिटं बोललात, पण त्यात सांगायचं एकच होतं. तेवढं मी सांगितलं.”

“मंग ते काय म्हणाले होते?”

ढोल लांब गेले. ती बाजूला सरकली असावी.

“म्हणाले, त्याला सांग, मी पण विचारलं होतं. एफ्राइननं पहिल्यांदा तुझं नाव घेतलं तेव्हा. त्या देशात खालचे लोक असतात म्हणतात – ही त्यांच्यातली तर नाही ना?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“त्या मंचावर ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं, पप्पा.”